तिसरी पोळी

पलीकडच्या घरातल्या कमळाक्कांची शेळी रोज दुपारी साडेबाराला आमच्या मागच्या दाराशी यायची आणि मी दार उघडेपर्यंत ओरडत राहायची. त्या दिवशी दार उघडलं तर शेळीच्या शेजारी खुद्द कमळाक्का उभ्या. माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दीड भाकरी होती आणि तिच्या घडीत घेवड्याची भाजी. मी हात पाठीमागे नेला.

"महानंदा, हिच्या पोटाकडं जरा बघ गं," कमळाक्का शेळीच्या बरगडीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मला वाटतंय गाभण हाय. म्हैन्याभरात कशी सुटलीया बघ."

माझे सासरे न्हाणीच्या कट्ट्यावर बसून मोठा झारा घासत होते. त्यांनी हात थांबवून शेळीकडे एकदा नीट पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"गाभण न्हाई ती, कमळाक्का," ते म्हणाले. "नुसती जेवलेली हाय."

कमळाक्का हसत हसत शेळीला ओढून घेऊन गेल्या. मी तशीच दारात उभी राहिले, हातात गुंडाळी धरून. आप्पा पुन्हा झारा घासायला लागले. माझी चोरी सापडली होती आणि ज्यांना सापडली त्यांनी ती तोंडाने उच्चारलीसुद्धा नव्हती. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ही एक्क्याण्णव सालच्या संक्रांतीच्या चार दिवस आधीची गोष्ट, बार्शीची. घरात आम्ही तिघंच होतो. माझे मालक मल्लिनाथ एसटीत कंडक्टर, सदा मुक्कामाच्या गाडीवर, एक दिवसाआड घरी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आणि आप्पा, म्हणजे विरुपाक्ष आवटे, बार्शीतले नावाजलेले आचारी. पाचशे पानांची पंगत ते दोन माणसं हाताशी घेऊन उठवायचे. घरचा स्वयंपाकही तेच करायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला याची फार लाज वाटली होती. मी पोळपाटाला हात लावला की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, तू डाळ निवड." चुलीपुढची जागा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. आमच्यातलं बोलणंही तेवढ्याच आवारातलं होतं. पीठ संपलं, मीठ कमी झालं, दूध नासलं.

आप्पांची एक सवय होती. पंगत उठली की ते मागून एकटे फिरायचे आणि उष्ट्या पत्रावळी बघत जायचे. कौतुक करणाऱ्यांच्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नसायचं. कुणी काय टाकलं, कुठल्या बाजूच्या पानांत बुंदी तशीच राहिली, आमटीच्या वाटीत तळाला किती उरलं, यावरून त्यांना सगळं कळायचं. घरीही तेच. मोरीत जाण्याआधी प्रत्येक ताटावरून त्यांची नजर जायची. म्हणून मी माझं ताट पुसून लख्ख करायचे, आणि माझं जेवण शेळीच्या पोटात जायचं.

मला तिसरा महिना चालू होता. आप्पांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सासऱ्यांना असलं सांगतात का? सांगायला सासू असती तर ती बोलली असती. माझी आई असती तर तिने पत्र पाठवलं असतं, स्वतः आली असती, दारातूनच माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. पण आई माझ्या लग्नाच्या वर्षभर आधीच गेली होती. दोन्ही घरांत मोठी बाई म्हणून कुणी उरलं नव्हतं. त्या दिवसांत मला आईची जी आठवण यायची तिला काही सुमार नव्हता. भांडी घासता घासता मी तिच्याशी मनात बोलायचे, आणि बोलणं एकच असायचं. मी काय खाऊ, ते सांग.

कारण हे माझं पहिलं नव्हतं. गेल्या वर्षीही याच थंडीत मला दिवस गेले होते. तेव्हाही आप्पांना सांगितलं नव्हतं, तेव्हा केवळ लाजेपोटी. संक्रांतीला आप्पांनी गुळाच्या पोळ्या केल्या. त्यांच्या गुळाच्या पोळ्या गावभर माहीत होत्या. तीळ मंद भाजून त्याचं कूट, किसलेला गूळ, तुपात खमंग केलेलं डाळीचं पीठ, जायफळ. पोळी अशी लाटायचे की गूळ थेट काठापर्यंत जायचा. कोरडी कड म्हणून नाहीच. मी एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली. आप्पा परात उचलून आत निघाले होते. मी म्हणाले, "आप्पा, अजून एक द्या."

सुनेने सासऱ्यांकडे तोंड उघडून मागणं आमच्यात बसत नाही. पण मला राहवलं नाही. आप्पा वळले, हसले, तिसरी पोळी वाढली आणि वर तुपाची धार धरली.

चौथ्या दिवशी सकाळी मल्लिनाथांनी मला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत सगळं संपलेलं होतं. आप्पांना पोटात दुखतंय एवढंच सांगितलं होतं. खरं काय ते त्यांना कमळाक्कांनी सांगितलं असणार. कमळाक्कांच्या पोटात काही राहत नाही.

आठवड्याने त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. तीळ आणि गूळ म्हणजे किती उष्ण, पहिलटकरणीने हात लावू नये, असं बरंच बोलल्या आणि मग हळूच विचारलं, "किती खाल्ल्यास गं?"

"एक," मी म्हणाले.

त्या खोट्यावर मी वर्ष काढलं. मल्लिनाथांनासुद्धा सांगितलं नाही. माझा हावरटपणा माझ्या लेकराला भोवला, हे सांगायचं तरी कुणाला?

आणि आता पुन्हा दिवस होते, आणि मला अन्नाची भीती बसली होती. कमळाक्का आणि गल्लीतल्या आणखी दोघीचौघी ओळखून होत्या. येता-जाता काही ना काही सांगायच्या. पपई, अननस तर मी आधीच सोडले होते. मग वांगं गेलं. शेंगदाणे गेले, खारीक गेली, बाजरी गेली. एकीने मेथी चांगली म्हणून सांगितलं, दुसरीने तीच मेथी विष म्हणून सांगितली, मी दोघींचं ऐकून मेथी सोडली. शेवटी ताटात भात आणि दूध उरलं. पुढे पुढे दूध प्यायलाही धीर होईना. सकाळी उलट्या व्हायच्या त्याचं निमित्त बरं होतं, पण खरी गोष्ट उलटीची नव्हती. घास तोंडाजवळ आला की मनात एकच यायचं, हाच तो असला तर? भूक लागायची. इतकी लागायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण घास खाली ठेवला की जिवाला बरं वाटायचं, की चला, निदान आत्ता तरी मी काही केलेलं नाही.

मल्लिनाथ पुण्याहून डाळिंबं आणायचे, सोलून वाटीत दाणे काढून ठेवायचे आणि समोर बसायचे. मी दोन दाणे चघळायचे. एकदा ते म्हणाले, "महानंदा, तुला खाऊ घालू का तुझ्या पाया पडू?" डॉक्टरीणबाईंनी वजनाचा काटा दोनदा पाहिला. शेहेचाळीस किलोची मी बेचाळीसवर आले होते. म्हणाल्या, पंधरा दिवसांत वजन चढलं नाही तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल, आणि पोटातल्या बाळाला सलाईनवर किती दिवस वाढवणार? त्याने मी आणखीच घाबरले. खाल्लं तरी जाईल, नाही खाल्लं तरी जाईल, अशी माझी दोन्हीकडून कोंडी झाली.

त्यात सगळ्यांत मोठी फजिती वेगळीच होती. मला डोहाळे लागले होते ते तिळाचे. दुसरं काही नाही, चिंच नाही, कैरी नाही. कमळाक्का संक्रांतीसाठी तीळ भाजायला घ्यायच्या तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहायचे, डोळे मिटून. तो वास भिंतीवरून यायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. ज्याने माझं पहिलं लेकरू नेलं असं मी समजत होते, त्याच्याचसाठी मी जीव टाकत होते. आईची आठवण आणि गुळाच्या पोळीची आठवण त्या भिंतीपाशी एक होऊन जायची. कुणासाठी रडू येतंय तेही कळायचं नाही.

आमच्या घरात मात्र त्या वर्षी तिळाचा दाणा नव्हता. दरवर्षी बाजारपेठेतली मोठी घरं आप्पांकडे शे-दीडशे पोळ्या सांगायची. या खेपेला हात दुखतोय असं सांगून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. हात तर काही दुखताना दिसत नव्हता. मी म्हटलं, वय झालं, कंटाळा आला असेल.

शेळीचं प्रकरण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ लातूरच्या गाडीवर होते. आप्पांनी सकाळी लवकर भात टाकला, आंघोळ केली, ठेवणीतलं धोतर आणि काळा कोट घातला, टोपी नीट केली. लग्नाची सुपारी घ्यायला जाताना ते असे निघायचे. "जरा जाऊन येतो," म्हणाले. कुठे ते सांगितलं नाही.

ते आले ते दोन वाजता. हातात पिशवी. कोट काढून खुंटीला लावला, पाय धुतले आणि सरळ चुलीपुढे बसले. मी माजघरात तांदूळ निवडत होते. थोड्या वेळाने वास आला आणि माझा हात सुपातच थांबला. आमच्याच चुलीवर तीळ भाजत होते.

मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आप्पांची पाठ माझ्याकडे होती. कढईत तीळ तडतडत होते. त्यांनी मागे न वळता म्हटलं, "दारात नको उभी ऱ्हाऊस. आत बस."

मी भिंतीशी पाट घेऊन बसले. ते माझ्याकडे न बघताच बोलत होते, कढईशी बोलावं तसे.

"दवाखान्यात गेलतो. बायकांच्या."

मी मान खाली घातली.

"लायनीत उभा ऱ्हायलो दोन तास. आया भाईर काढाया निघाली. म्हनलं, केसपेपर काढलाय माज्या नावानं, भाईर कशी काढतीस? डाक्टरीणबाई म्हनली, आजोबा, पेशंट कुठाय? म्हनलं, मीच."

मला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं कोण जाणे. आप्पांच्या खांद्यांवरून कळलं की तेही हसताहेत.

"तुमच्या नावाने कशाला काढला?" मी विचारलं.

"तिसरा म्हैना भरंपातूर तुजं नाव भाईर फुटू नये. निम्मं गाव बसलेलं असतंय तितं." त्यांनी कढई खाली उतरवली, तीळ परातीत ओतले आणि हाताने पसरले. "तिसराच ना?"

"हो," मी म्हणाले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ताटानं सांगितलं. सवा म्हैना झाला तुजं ताट धुतल्यासारकं येतंय. आमच्या हातचं इतकं चाटूनपुसून कुणी खात न्हाई."

तीळ निवले, त्यांनी खलबत्ता ओढला, कूट केलं, गूळ किसला. कणीक मळून ठेवलेलीच होती. ती कधी मळली ते मला कळलंही नव्हतं. मी नुसती बघत बसले. भीती होतीच. पण तिच्या जोडीला तो वास होता, आणि बसल्या जागेवरून मला उठवेना.

"तिळाचं इचारलं," ते म्हणाले. "तिळानं न्हाई हुत काय. गुळानं बी न्हाई. पोळी खाऊन प्वार जात न्हाई म्हनली. जायचं आसलं की आतल्या आत काय तरी इस्कटलेलं आसतं, त्येला कुणाचा हात लागत न्हाई." लाटणं हातात तसंच राहिलं. "मी दोनदा इचारलं. दोन्ही येळा त्येच म्हनली. कुणाचा हात नसतो म्हनली."

मला रडू यायला लागलं. तिळाची भीती मी कुणालाही बोलून दाखवली नव्हती. मग यांना ती कशी कळली? ताटावरून हेसुद्धा कळतं? मी पदर तोंडाशी धरला. आप्पांनी ऐकलं असणार, पण ते वळले नाहीत. त्यांना सुनेचं रडणं बघणं जमलं नसतं आणि मलाही ते नको होतं.

"आन् न जेवल्यानं मात्र हुतंय म्हनली," ते शेवटी म्हणाले. "ते लिवून दिलंय कागदावर."

"बघू," मी म्हणाले.

त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं आणि मान हलवली. "ते माजं औषध हाय. तुजं हितं तव्यावर हाय."

त्यांनी तीनच पोळ्या केल्या. निवू दिल्या. मग एका ताटलीत ठेवून माझ्यापुढे सरकवल्या, तुपाची वाटी शेजारी ठेवली आणि समोर बसले, मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. सासरे समोर बसलेले असताना मी कधी जेवले नव्हते. पण त्या दिवशी आम्ही दोघंही रीतभात विसरलो होतो.

मी पोळीचा तुकडा मोडला. कुरकुरीत आवाज झाला. तुकडा तुपात बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि नेहमीसारखं तेच आलं, हाच तो असला तर? माझा हात थांबला. आप्पा खा म्हणाले नाहीत, शपथ घातली नाही. नुसते बसून राहिले. त्यांच्या कपाळावर थंडीच्या दिवसात घाम आला होता. माझ्या मनात आलं, हा माणूस आज बायकांच्या रांगेत दोन तास उभा राहिला. मी तुकडा तोंडात टाकला.

ती चव मी सांगू शकत नाही. वर्षभर जिचा मी धसका घेतला होता ती चव होती, आणि वर्षभर तीच मला हवी होती. मी रडत रडत चावत होते. एक पोळी संपली. दुसरी मी सावकाश खाल्ली, कडेकडेने. शेवटच्या तुकड्यापर्यंत गूळ होता.

तिसरी ताटलीत राहिली.

मला ती हवी होती, पण मागायला तोंड उघडेना. गेल्या वर्षी एकदा मागितली होती, तेवढं पुरे झालं. आश्चर्य आप्पांचं वाटलं. आग्रह करावा तो त्यांनीच. पंगतीत पानावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांमधून जिलबी वाढणारा माणूस, पण त्या तिसऱ्या पोळीला त्यांनी बोट लावलं नाही, आणि घे असंही म्हटलं नाही. ताटली आमच्या दोघांच्या मध्ये होती. ते वाढेनात, मी मागेना.

तेवढ्यात मागच्या दाराशी शेळी ओरडली. तिची साडेबाराची वेळ कधीच टळून गेली होती.

"ऱ्हाऊ दे," आप्पा उठत म्हणाले. "तिचा बी वाटा हाय."

त्यांनी तिसरी पोळी शेळीला घातली. आम्ही दोघंही हसलो, आणि ती संध्याकाळ मला लख्ख आठवते, कारण त्या दिवशी मी भातही खाल्ला आणि वर ताकही प्यायले.

सकाळी जाग आली ती धसक्यानेच. मी आधी स्वतःला तपासलं. काही नव्हतं. चार दिवस मी अशीच तपासत राहिले, आणि चारही दिवस काही झालं नाही. भोगीला आप्पांनी बाजरीची भाकरी थापली, वरून तीळ लावले आणि माझ्या ताटात अर्धीच वाढली. उरलेली अर्धी झाकून ठेवली, मी आपणहून घेईपर्यंत.

त्याच दिवशी मी ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला तर आत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडून पाहिलं तर हिरवा खण. तिसऱ्या महिन्यात लेकीला आई किंवा सुनेला सासू गुपचूप चोळी देते, कुणाच्या नजरेला येऊ न देता. चोरचोळी म्हणतात तिला. द्यायला घरात बाई नव्हती, म्हणून आप्पांनी ती पिठात लपवली होती. मी खण झटकला, पीठ हवेत उडालं. बाहेर आप्पा कुणाशी तरी मोठमोठ्याने कांद्याच्या भावावर बोलत होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, मी त्यांना काही सांगितलं नाही. चोळी शिवली आणि घातली, एवढंच.

गिरिजा श्रावणात झाली. बारशाला आप्पांनी गुळाच्या पोळ्या केल्या. ऐन पावसाळ्यात तिळाच्या पोळ्या म्हणून आलेल्या बायका हसल्या. पंगत उठल्यावर आप्पा एकटे कोपऱ्यात बसले आणि एक पोळी त्यांनी सावकाश खाल्ली, सणाचं जेवण असल्यासारखी. कमळाक्का म्हणाल्या, "दीड वर्षानं तिळाला तोंड लावलं म्हाताऱ्यानं." त्या गर्दीत मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. लेकरू रडत होतं.

आप्पा त्यानंतर अकरा वर्षं जगले. गिरिजाला त्यांनी पोळपाटावर उभं करून लाटायला शिकवलं. मला कधी शिकवलं नाही, आणि मीही शिकवा म्हटलं नाही. वाटायचं, आहेत की ते, घाई काय आहे.

ते गेल्यावर तेराव्यानंतर मी त्यांचे कपडे आवरायला काढले. काळा कोट द्यायचा म्हणून खिसे तपासले. आतल्या खिशात घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद होता. नगरपालिकेच्या प्रसूतिगृहाचा केसपेपर. मला लगेच ओळखू आला. खालच्या अर्ध्या भागात डॉक्टरीणबाईंचं तिरकं अक्षर होतं. तीळ, गूळ, शेंगदाणे, सर्व चालेल. जेवण सोडू नये. हे मला ठाऊकच होतं.

वरचा भाग खिडकीवरच्या कारकुनाने भरलेला होता. आप्पांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी तोंडाने सांगितलं असेल तसं त्याने उतरवून घेतलं होतं.

नाव : विरुपाक्ष गुरुलिंग आवटे. वय : त्रेसष्ट. तक्रार : गेल्या संक्रांतीला सुनेला तिसरी पोळी आग्रहाने वाढली.

मी तो कोट मांडीवर घेऊन भुईवर बसले. अकरा वर्षं मी समजत होते की आप्पा त्या दिवशी माझी भीती घेऊन दवाखान्यात गेले. ते स्वतःची घेऊन गेले होते. वर्षभर घरात तीळ का आला नाही, हात दुखतोय का म्हणाले, त्या ताटलीतल्या पोळीला बोट का लावलं नाही, सगळं मला त्या एका ओळीत कळलं. कळलं तेव्हा सांगायला माणूस राहिला नव्हता.

आग्रहाने वाढली. आप्पांना विसर पडला असेल असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. पण वीस वर्षांपूर्वीच्या पंगतीत कुणी भजी परत मागितली होती हे ज्यांना आठवायचं, ते हे विसरतील का? की सुनेने मागून खाल्ली हे परक्या कारकुनालाही कळू नये, म्हणून त्यांनी ती आपल्या अंगावर घेतली? मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता पोळ्या मी करते. गिरिजा म्हणते, छान झाल्यात. पण माझ्या पोळीत गूळ काठापर्यंत जात नाही, कड कोरडी राहते. दर संक्रांतीला आप्पांच्या तसबिरीपुढे ताट ठेवते. दोन पोळ्या वाढते, त्यांवर तुपाची धार धरते. मग घरातलं कुणी जवळ नाही असं पाहून तिसरी हातात घेते आणि त्यांना सांगते, आप्पा, तुम्ही आपणहून वाढली नव्हती. मी मागितली होती.